कांबळे सिस्टरांचा सर्जा

कांबळे सिस्टरांविषयी चार चांगले शब्द लिहायचे असं ठरवून मी बसले आहे. जमेलच असं नाही. चौदा वर्षं त्या आमच्या शेजारी राहिल्या आणि त्यातली शेवटची काही वर्षं मी त्यांच्यावर जळत होते. जळणाऱ्या माणसाची नजर फार बारीक असते. सिस्टर दिवसातून किती वेळा हात धुतात, कुणाशी किती हसून बोलतात, हे त्यांच्या सख्ख्या भावाला माहीत नसेल एवढं मला माहीत आहे.

गेल्या महिन्यात लोणंदहून त्यांच्या भाच्याचा, अमोलचा फोन आला. सिस्टर गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाला त्रास दिला नाही. मी "अरेरे" म्हटलं आणि लगेच विचारलं, "आणि सर्जा?" अमोल म्हणाला, "बरा आहे." त्याला वाटलं असेल, बाईंचा त्या मुक्या जनावरावर केवढा जीव! तसं काही नव्हतं. ते डुक्कर आता कुणाच्या मागे फिरतंय, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

होय, डुक्कर. सर्जा नाव ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर बैल आला असेल, पण सिस्टरांचा सर्जा डुक्कर होता.

आमचं घर सांगलीजवळ माधवनगरला. आता तो खडखडाट पुष्कळ कमी झाला, पण एकेकाळी इथं मागांच्या आवाजानं सकाळ व्हायची. आमचे हे यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून चालू करून देणारे. गल्ली त्यांना तात्या म्हणते. चाळीस वर्षं त्या खडखडाटात काढून ते निवृत्त होऊन घरी आले ते गप्प होऊनच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट बघायची, हा माझा जन्माचा धंदा. यांचं उत्तर एकच, "हं." आमटी आळणी झाली का? हं. पोरीला फोन लावू का? हं. आज बुधवार का गुरुवार? हं. आधी मी चिडले, मग रुसले, मग नाद सोडला. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "बाई, तुमचं बरं हाय, नवरा उलटून बोलत न्हाई." त्यांना काय सांगणार?

सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन शेजारच्या घरात राहायला आल्या त्या एकट्याच. उंच, काळ्यासावळ्या, पाठ ताठ. पहिल्या दिवशी मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला. मला वाटलं, केवढी मायाळू बाई! नंतर लक्षात आलं की त्यांची दोन बोटं माझ्या मनगटावर होती. बोलता बोलता समोरच्याची नाडी बघायची ही त्यांची खोड. पोस्टमन, भाजीवाली, निवडणुकीला मतं मागायला आलेला उमेदवार, कुणी सुटला नाही. उमेदवाराला म्हणाल्या, "मत दीन, पण आधी जरा बसा, लय पळताय तुमी."

घरी कुणीही आलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी पाणी, मग गप्पा." तांब्याभर पाणी प्यायल्याशिवाय त्या विषयाला हात घालू देत नसत. लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "ड्युटी होती." आणि कशाचाही केसपेपर करायच्या. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर रकाने आखून अंगणातल्या पेरूचासुद्धा केसपेपर भिंतीला लावलेला होता. 'सोमवार. पानांवर डाग. मंगळवार. राख टाकली. गुरुवार. बरा आहे.' मी हसले तर म्हणाल्या, "बाई, तुमी पोरांची हजेरी घेत होता न्हवं? तसंच हे."

तोपर्यंत आमचं उत्तम चाललं होतं. दोन्ही अंगणांच्या मध्ये कंबरेएवढी भिंत आणि तिला एक लोखंडी फाटक. त्या फाटकातून वाट्या जायच्या, वाट्या यायच्या. मग अमोलनं डुक्कर आणलं.

अमोल तेव्हा पुण्याला कंपनीत होता. एका सकाळी टोपली घेऊन आला. टोपलीत टॉवेल आणि टॉवेलात एक काळं पिल्लू, पायात पांढरे मोजे घातल्यासारखं. म्हणाला, "आत्या, मिनी पिग आहे. परदेशात लोक घरात पाळतात. मांजराएवढाच राहतो. आमच्या सोसायटीवाले ठेवू देत नाहीत, थोडे दिवस सांभाळ." सिस्टरांनी पिल्लू उचललं. त्यानं अशी किंकाळी फोडली की निम्मी गल्ली बाहेर आली. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "फुप्फुस चांगलं हाय." झालं, ॲडमिट करून घेतलं. अमोलनं त्याचं काहीतरी बिस्किटासारखं नाव ठेवलं होतं. सिस्टरांनी ते त्याच दिवशी बदलून सर्जा केलं.

मांजराएवढा राहणारा सर्जा सहा महिन्यांत कुत्र्याएवढा झाला आणि दोन वर्षांत पंचेचाळीस किलोंचा. अमोल फोनवर म्हणाला, "आत्या, आपल्याला फसवलं गं." सिस्टर म्हणाल्या, "त्यानं न्हाई फसवलं. त्यो त्याच्या मापानं वाढला."

गल्लीत कुजबुज झाली. ती कशी झाली हे लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. सिस्टर बौद्ध. बायका म्हणाल्या, "त्यांच्यात चालत असंल." मी त्यावर काही बोलले नाही. हसले मात्र. सिस्टरांच्या घराण्यात डुक्कर कधीच नव्हतं, हे मला पुढं त्यांच्या भावाकडूनच कळलं. भाऊ पलूसचा, स्वतःची द्राक्षबाग असलेला, परीटघडीचे कपडे घालणारा माणूस. अंगणात उभा राहून बहिणीला म्हणत होता, "आक्का, आपल्या आज्ज्यानं मेलेली जनावरं वडायची सोडली, गाव सोडलं, म्हणून तू नर्स झालीस. आन आता डुक्कर घिऊन बसलीस व्हय? लोक काय म्हणतील?"

"लोक आदी काय कमी म्हणत हुते?" सिस्टर म्हणाल्या. "आज्ज्यानं सोडलं, कारण ते त्याच्यावर लादल्यालं हुतं. ह्ये माझ्यावर कुणी लादल्यालं न्हाई. तुझ्या पोरानं आणलंय, आन मी ठेवलंय. पाणी पी आदी."

भाऊ पाणी प्यायला आणि गेला. मी भिंतीआड धुणं वाळत घालत होते. लोक काय म्हणतील, या तीन शब्दांवर माझं अख्खं आयुष्य गेलं. कुठली साडी, कुणाकडं जेवण, पोरीचं कॉलेज, सगळं त्यावर ठरलं. आणि या बाईनं ते पाण्याच्या तांब्याबरोबर परत पाठवलं. मला सिस्टरांचा हेवा वाटला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

सर्जाची निगा मात्र बघण्यासारखी होती. सकाळी सातला अर्धी ज्वारीची भाकरी, काकडी, दुधी, मूठभर मोडाची मटकी. मीठ नाही, तळकट नाही, उरलंसुरलं नाही. उन्हानं त्याची कातडी भाजायची, म्हणून अंगाला खोबरेल तेल आणि दुपारी पेरूखाली ओलं पोतं. पाण्याचं मोठं घमेलं सतत भरलेलं. डुक्कर घाणेरडं असतं असं आपण म्हणतो, पण सर्जानं आपला कोपरा ठरवला होता आणि तो सोडून कधी कुठं घाण केली नाही. दर गुरुवारी शिंप्याची टेप लावून छातीचा घेर मोजायचा आणि केसपेपरवर लिहायचा. 'घेर दोन बोटं वाढला. पोट साफ. सायंकाळी रुसला, कारण समजले नाही.'

आणि ते पोट! पोटाला नुसता हात लावला की पंचेचाळीस किलोंचा हा गडी धप्पकन आडवा व्हायचा, डोळे मिटायचा आणि घशातून घुर्रघुर्र असा समाधानाचा आवाज काढायचा. तो ऐकायला गल्लीतली माणसं निमित्तं काढून यायची. माणसाला कुणीतरी आपल्या हातानं इतकं सुखी होताना बघायला आवडतं. मलाही आवडलं असतं.

आमच्या ह्यांचा त्या अंगणात प्रवेश झाला तो कानशीमुळे. सर्जाच्या खुरांची टोकं वाढली होती आणि तो लंगडत होता. सिस्टरांनी भिंतीवरून हाक मारली, "तात्या, लोखंड घासायची कानस असंल का?" यांनी जॉबरकीची पेटी काढली. सिस्टरांनी पोट खाजवलं, सर्जा आडवा झाला आणि हे मांडी घालून एकेक खूर घासायला बसले. मी स्वयंपाकघरात होते. कुणीतरी बोलत असल्याचा आवाज आला. पाहुणे आले की काय म्हणून खिडकीशी गेले तर आमचे हे बोलत होते. खणखणीत आवाजात, डुकराशी.

"हालू नगंस गड्या. सात नंबरचा माग असाच हुता बग. जरा हात लावला की अडायचा. मालक म्हणला भंगारात काढू. मी म्हणलं, मालक, आट दिस द्या. आट दिसांत असा पळीवला, असा पळीवला, की मालकानं पेढं वाटलं."

चाळीस वर्षांच्या संसारात सात नंबरचा माग मला माहीत नव्हता. पेढे वाटलेलेही माहीत नव्हते. हातातलं लाटणं तसंच धरून मी उभी राहिले.

त्या दिवसापासून रोज पाचला चहा झाला की हे फाटकातून पलीकडे. तासभर सर्जाचं पोट खाजवत बोलत बसायचे. मागांच्या गोष्टी, त्यांच्या आईच्या गोष्टी, एकदा तर शाळेतून पळून जाऊन ओढ्यात पोहल्याची गोष्ट. सिस्टर जवळच भाजी निवडत बसायच्या. त्यांना यांच्याशी काही बोलायचं असलं की उठून यांच्या उजव्या अंगाला यायच्या, अगदी जवळ, आणि खाली वाकून बोलायच्या. नेहमी उजव्याच अंगाला. मग हे मान डोलवायचे, उत्तर द्यायचे, चांगलं चार-पाच वाक्यांचं उत्तर. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. साठी उलटलेली बाई, आणि एवढं जवळ जाऊन काय बोलायचं असतं? लांबून बोलता येत नाही?

संशय म्हणावा तर तसा नव्हता. सिस्टर कशा आहेत ते मला कळत होतं. पण संशय नसला की जळणं कमी होतं, असं कुणी सांगितलं? संशय असता तर भांडता तरी आलं असतं.

त्या वर्षी बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा, आला. मी पुरण घातलं होतं. हे स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "एक पोळी दे. तूप जरा जास्त लाव." कित्येक महिन्यांत यांनी माझ्याकडे असं तोंडानं काही मागितलं नव्हतं. मी ताटलीत पोळी घातली, वर तुपाची धार सोडली आणि पाट मांडायला वळले, तर हे ताटली घेऊन फाटकातून पलीकडे! बघते तर काय, सर्जाच्या खुरांना बैलांच्या शिंगांना लावतात तो तांबडा हुरमुंज लावलेला, कपाळाला गोंडा, पाठीवर यांचा जुना मफलर झूल म्हणून. पोरं मोबाइल घेऊन फोटो काढतायत. सिस्टर हसत म्हणत होत्या, "आमच्यात बेंदूर कवा नव्हताच, तात्या. बैलच नव्हता, तर बेंदूर कशाचा? ह्यो पयलाच." मग पोळी हातात घेऊन त्यांनी चतकोर तोडली. "एवढीच. बाकीची तुमी खावा. बाईंनी केलीय, वाया घालवू नका."

उरलेली पोळी हे तिथंच उभ्यानं खात होते. माझ्या हातची पोळी, त्यांच्या अंगणात. त्या रात्री मी जेवले नाही, आणि का जेवली नाहीस हेही कुणी विचारलं नाही.

मग मी ठरवलं. हे डुकरासाठी तिकडे जातात ना? मग डुक्करच इकडे आलं पाहिजे.

सिस्टर दुपारी दोन ते तीन झोपायच्या. त्या वेळी मी फाटक हळूच उघडलं आणि आमच्या पायरीशी मूठभर भडंग टाकलं. घरचं भडंग, चुरमुऱ्यांना लसूण, तिखट, मीठ सढळ हातानं. सांगलीकडच्या माणसाला भडंगानं जिंकता येतं, तर डुकराला का नाही? सर्जा आला, हुंगलं, खाल्लं आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्या आधीच फाटकाशी उभा होता. आठवड्यात तो माझ्या पावलांचा आवाज ओळखू लागला, आणि पंधरवड्यानं पाच वाजता तो आमच्या पायरीशी येऊन बसू लागला. हे चहा घेऊन बाहेर आले, त्याला बघून हसले आणि आमच्याच पायरीवर बसले. मी आत ओट्याशी उभी राहून यांचा आवाज ऐकला. माझ्या घरात, माझ्या दाराशी, माझ्या नवऱ्याचा आवाज. तो बोलत होता डुकराशीच, पण मी जिंकले होते.

पलीकडे केसपेपरवर सर्जाचा घेर वाढत चालला. सिस्टर चिंतेत पडल्या. "बाई, माझंच कुटंतरी चुकतंय," त्या मला म्हणाल्या. त्यांनी भाकरी अर्ध्याची चतकोर केली. सर्जा भुकेनं ओरडायचा, सिस्टरांचे डोळे भरायचे, आणि मी दुपारी भडंगाच्या दोन मुठी टाकायचे. एका शब्दानं सांगितलं असतं तर मिटलं असतं. पण मग सर्जा तिकडे, आणि हे तिकडे.

वैशाखात सिस्टरांना दोन दिवस साताऱ्याला जावं लागलं, एका मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला. सर्जाला माझ्यावर सोपवलं. सूचनांचा कागद दिला. सर्वांत वर मोठ्या अक्षरात, खाली रेघ मारून, 'पाणी.' म्हणाल्या, "घमेलं तेवढं भरून ठेवा, बाई. बाकी त्यो काय मागत न्हाई."

त्या रिक्षात बसल्या आणि मी सर्जाला आमच्या अंगणात घेऊन फाटकाला कडी घातली. दोन दिवस पूर्ण माझे. पाण्याचं घमेलं पलीकडे राहिलं. मी आमच्याकडचं एक पातेलं भरून ठेवलं, ते त्यानं नाकानं उलथवून त्या ओल्यात अंग लोळवलं. नंतर भरू म्हटलं आणि राहिलं. हे सकाळपासून पायरीवर बसून बोलत होते आणि मी मधूनमधून मूठ मूठ भडंग आणून देत होते, तो उठून फाटकाकडे जाऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी तो फाटकाच्या गजांना नाक घासत उभा राहिला. मला वाटलं सिस्टरांची आठवण काढतोय. मग तर मी मुळीच फाटक उघडलं नाही.

संध्याकाळी सिस्टर आल्या तेव्हा सर्जा अंगणात गोल गोल फिरत होता. भिंतीला धडकत होता, दिसत नसल्यासारखा. तोंडाला फेस. मग बसला, आणि त्याचं अंग झटके देऊ लागलं. सिस्टरांनी पर्स टाकली, एका हातानं त्याचं डोकं धरलं आणि दुसऱ्या हातानं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावून फोन जमिनीवर ठेवला. डॉक्टरांचा आवाज अंगणभर ऐकू येत होता. "खारट काही खाल्लंय का? मीठ? पाणी बंद होतं का? ते आधी सांगा. नुसतं उन्हानं असेल तर पाणी पाजा. पण मिठानं झालं असेल तर एकदम पाणी पाजलं की मेंदूला सूज येऊन मरेल. घोट घोट द्यायचं."

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, खारट काय खाल्लं का ह्यानं?"

हे माझ्या शेजारीच उभे होते, हातात पाण्यानं भरलेली बादली घेऊन. यांच्यासमोर कसं सांगू? मी म्हटलं, "नाही."

"मग ऊनच लागलं," सिस्टर म्हणाल्या आणि यांच्या हातातली बादली घेतली. सर्जानं पाण्याचा वास घेऊन मान उचलली, झटके खात खात तोंड पुढं केलं. बादली जमिनीला टेकली. त्याचं नाक पाण्यापासून वीतभर असेल.

"नका देऊ!" मी ओरडले. "भडंग घातलंय मी. दोन दिवस. त्याआधी कित्येक महिने रोज. आणि पाणी नव्हतं."

सिस्टरांनी बादली पायानं लोटून दिली. माझ्याकडे वर बघितलं नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, "दिवसाला किती मुठी?" मी सांगितलं. "शेवटचं पाणी कवा?" मी सांगितलं. त्यांनी ते डॉक्टरांना सांगितलं, वाटी मागितली आणि दर काही मिनिटांनी चमचा-चमचा पाणी देत बसल्या. मला म्हणाल्या, "बाई, तुमी घड्याळ बघा. वेळ सांगा मला." मी घड्याळ बघत राहिले. हे थोडा वेळ उभे राहिले, मग आत गेले.

सकाळी सर्जा चारी पायांवर उभा राहिला. गल्लीनं विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "ऊन बादलं." पेशंटची गोष्ट वॉर्डाबाहेर जायची नाही, हा त्यांचा नियम. मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांना माफ केलं असतं. पण दुसऱ्या दिवशी त्या फाटकाशी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, आजपासनं दुपारचं घमेलं तुमी भरायचं. रोज. चुकवायचं न्हाई." आणि त्यानंतर वर्षभर त्यांनी माझ्या मागे एकदाही घमेल्यात डोकावून बघितलं नाही. एवढं मोठं मन माणसाला कुठून मिळतं? मला मिळालं नव्हतं, म्हणून मी त्याच्यावरही जळले.

यांनी मात्र मला त्या दिवसाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. पाचला पुन्हा फाटकातून पलीकडे जाऊ लागले. ही मला दिलेली शिक्षा आहे असं मी धरून चालले. वर्षभर यांच्या प्रत्येक 'हं'मध्ये मला ते भडंग ऐकू यायचं.

मग अमोलनं पुणं सोडलं, लोणंदजवळ जमीन घेतली, रोपवाटिका काढली. "आत्या, सर्जाला घेऊन ये, मोकळी जागा आहे," म्हणाला. सिस्टरांचे गुडघेही थकले होते. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना भांडी बांधायला मदत करत होते. दार लोटून घेऊन त्या म्हणाल्या, "बाई, एक सांगते. सांगू नये, तात्यांनी शपथ घातलीय. तात्यांना डाव्या कानानं काय बी ऐकू येत न्हाई. उजव्यानं येतंय, ते बी जवळनं बोललं तर. मागाच्या आवाजानं गेलं. मला कानशीच्या दिवशीच कळलं. लय म्हणलं तपासून घ्या, तर म्हणले, बाईला सांगू नका. बाई हुशार, बोलणारी. तिला बहिरा नवरा बरा दिसायचा न्हाई."

"मग सर्जाशी बोलतात ते?"

"त्यो उलट काय इच्यारत न्हाई, बाई. इच्यारलं न्हाई तर ऐकू न आल्याची लाज कुटं?"

मला आधी यांची दया यायला हवी होती. आली नाही. आधी मी जळलेच. माझा नवरा, माझ्या घरात, आणि हे हिला कळलं! मी आयुष्यभर शेवटच्या बाकावरच्या पोरालासुद्धा ऐकू जातंय ना म्हणून बघत आले, आणि माझ्या पाटाशेजारी बसून जेवणाऱ्या माणसाला ऐकू जात नाही हे मला दिसलं नाही. उजव्या अंगाला जाऊन वाकणारी ती बाई मला रोज दिसत होती, आणि मी बघत काय होते?

मग हळूहळू दुसरं ध्यानात आलं. सर्जाला झटके आले त्या संध्याकाळी मी यांच्या डाव्या बाजूला उभी होते.

मी घरी आले. हे पायरीवर होते. मी उजव्या अंगाला बसले, अगदी टेकून, आणि यांच्या कानाशी बोलले. "सर्जाला भडंग मी घातलं होतं."

हे दचकले. "कवा?"

"तो मरायला टेकला तेव्हा. तुमच्यासमोर सांगितलं होतं मी."

"मला वाटलं, ऊन लागलं." हे म्हणाले, "तुजा एवढा जीव हुता त्याच्यावर?"

"जीव कसला? जळत होते मी! तुम्ही तिकडे जाऊन बोलत बसता म्हणून जळत होते!" समोरच्या घराची खिडकी उघडली. लोक काय म्हणतील ते मला आठवलं, आणि मी आणखी मोठ्यानं म्हटलं, "माझ्याशी का बोलत नव्हता?"

हे म्हणाले, "तू काय इच्यारतीस ते कळायचं न्हाई. दोनदा-तीनदा इच्यारायचीस, मग तुजं तोंड पडायचं. म्हणलं, 'हं' म्हणावं. 'हं'ला कुटं चूक-बरोबर असतंय?"

दुसऱ्या दिवशी टेंपो आला. मागच्या हौद्यात गवत पसरलं, फळी लावून सर्जाला चढवलं. ड्रायव्हरशेजारची जागा सिस्टरांसाठी मोकळी ठेवली होती. त्या म्हणाल्या, "पेशंट मागं आन मी पुढं, असं कसं?" आणि त्या वयात, त्या गुडघ्यांनी, मागं चढून गवतात बसल्या. सर्जानं डोकं त्यांच्या मांडीवर टाकलं. गल्लीतल्या बायका डोळे पुसत होत्या. ज्यांनी कुजबुज केली होती त्याही.

टेंपो सुरू झाला तेव्हा हे मला काहीतरी विचारत होते. मी यांच्या खांद्यावर हात ठेवून उजव्या कानाशी वाकले आणि सांगितलं. हे ऐकून हसले आणि उलट काहीतरी बोलले, मीही हसले. मान वर केली तर सिस्टर आमच्याकडे बघत होत्या. इतकी वर्षं मी ती बाई वाचत आले होते, पण तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. निरोपाचा हात अर्धा वर येऊन तसाच थांबला होता आणि नजर यांच्या खांद्यावरच्या माझ्या हातावर होती. मग त्यांनी ती वळवली, खाली बघितलं आणि सर्जाशी बोलू लागल्या. टेंपो वळेपर्यंत त्या बोलतच होत्या.

ती नजर नुसती समाधानाची असेल, असं आमचे हे म्हणतात. एका नर्सनं आपलं काम पुरं झालेलं बघितलं, एवढंच. यांचं बरोबरही असेल. पण ती नजर कसली असते हे माझ्याइतकं कुणाला कळणार? सिस्टरांना त्या क्षणी माझा हेवा वाटला असं मी धरून चालले आहे, आणि आज त्या गेल्यावरही ते सोडायची माझी तयारी नाही.